'ठाण्यातले पहिले' म्हणजे नक्की कोण?

घोडबंदर रोडवर परवा एका नव्या चहाच्या दुकानाची पाटी वाचली: 'ठाण्यातले पहिले'. त्याच गाळ्यात दिवाळीपर्यंत दुसरा चहावाला होता. त्याचीही पाटी हीच!

आधी उतरेल तो बाजार मारेल, हा समज जुना आहे, आणि त्याला आकड्यांचा आधारही होता. 1993 मध्ये पीटर गोल्डर आणि जेरार्ड टेलिस या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांतली खोट दाखवली. आधीचे बरेच अभ्यास चालू कंपन्यांनाच विचारायचे, 'तुम्ही पहिले का?'

हिशेब करून पाहा. समजा पहिल्या वर्षी 10 चहावाले आले आणि 5 बुडाले. काही वर्षांनी तुम्ही प्रश्नावली घेऊन गेलात, तर उत्तर द्यायला बुडालेले जागेवर नाहीतच. उरलेले पाच 'आम्ही पहिले' म्हणणार. तिसऱ्या वर्षी येऊन मोठा झालेलाही तेच म्हणणार, कारण त्याच्याआधीचं कोणाला आठवत नाही. तुमच्या वहीत पहिले आलेले शंभर टक्के जगले! म्हणून या दोघांनी त्या त्या काळातल्या जुन्या नोंदी उकरल्या. 50 प्रकारच्या वस्तू, सुमारे 500 ब्रँड. खऱ्या पहिल्यांपैकी 47 टक्के बुडालेले निघाले. लहान मुलांच्या डायपरमध्ये पॅम्पर्स पहिलं असं अनेकांना वाटतं, पण चक्स त्याच्या कितीतरी आधी बाजारात होतं.

(मुहूर्ताचं गणितही असंच जमतं. मुहूर्त पाहून उघडलेली आणि तरीही बंद पडलेली दुकानं कोण मोजतं?)

मग टिकतं कोण? 2005 मध्ये सुआरेझ आणि लान्झोला या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी मांडलं की तंत्रज्ञान आणि बाजार दोन्ही संथ असतील तर आधी येण्याचा फायदा टिकतो; दोन्ही वेगाने बदलत असतील तर सहसा हाती राहत नाही. अशा खवळलेल्या पाण्यात कामाला येते ती टीस, पिसानो आणि शूएन यांनी 1997 मध्ये सांगितलेली क्षमता: हाताशी असलेली माणसं, यंत्रं, सवयी मोडून नव्याने जुळवणं. ही विकत मिळत नाही. कोहेन आणि लेविन्थल यांच्या मते तर बाहेरचं नवं ज्ञान किती पचेल, हेही त्या विषयातलं आधीचं ज्ञान किती आहे यावर ठरतं. म्हणजे उशिरा यायचं असेल तरी अभ्यास आधीपासूनच हवा.

नव्या चहावाल्याला मी आधीच्याबद्दल विचारलं. "कोण? काका, इथे आम्हीच पहिले."