रंगीत माती (सिरॅमिक स्टेन घालून)

सिरॅमिक स्टेन म्हणजे कोबाल्ट, क्रोम, लोखंड असल्या धातूंची ऑक्साइडं इतर घटकांबरोबर खूप तापवून मग बारीक दळलेली रंगाची पावडर. ही ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, न घालता मातीतच मिसळली की भांडं आरपार रंगीत होतं, टवका उडाला तरी आत तोच रंग. नुसतं ऑक्साइडही चालतं, पण कोबाल्ट ऑक्साइड कच्चं असताना काळं आणि भाजल्यावर निळं, मग काम करताना अंदाजच येत नाही.

माती पांढरीच घ्या, पोर्सेलिन असेल तर उत्तम. आपले कुंभार माठ-पणत्यांना वापरतात त्या मातीत लोह असतं, त्यात पिवळा नाहीतर गुलाबी घातला तर मळकट होतो, काळा तेवढा खुलतो.

बहुतेकांचं चुकतं ते वजनात. स्टेनचं प्रमाण कोरड्या मातीवर धरायचं, साधारण 5 ते 10 टक्के, गडद निळ्या-काळ्याला त्याहून कमी पुरतं. 1 किलो ओल्या मातीत 200-250 ग्रॅम पाणीच असतं, म्हणजे 8 टक्के हवं तर 60 ते 64 ग्रॅम स्टेन लागेल, 80 नाही. आणि पावडर कोरडीच मळली तर ठिपके राहतात, म्हणून आधी पाण्यात कालवून 80 मेशच्या (इंचाला 80 छिद्रांच्या) चाळणीतून गाळायची, मातीच्या पातळ घोळात मिसळायची, पीओपीच्या लादीवर पसरायची आणि पाणी शोषलं की मळायची. मास्क आणि हातमोजे हवेतच, ही धूळ फुफ्फुसात जाता कामा नये.

सगळे स्टेन मातीत चालत नाहीत, दुकानात बॉडी स्टेन म्हणूनच मागा, गुलाबीसाठी मँगनीज-अॅल्युमिना बरा.

इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभाराने 1770च्या दशकात जॅस्परवेअर नावाची भांडी केली, त्यांचा फिकट निळा असाच मातीतला, कोबाल्टचा. जपानमध्ये रंगीत मातीचे थर रचून नक्षी काढतात, त्याला नेरिकोमी किंवा नेरियागे म्हणतात, मात्सुई कोसेई यांना 1993 मध्ये याच कामासाठी तिथे जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. अळूवडीच्या उंड्यासारखी गुंडाळी करून काप काढले की प्रत्येक कापात तीच नक्षी, मला तर यातलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं. फक्त सगळे रंग एकाच मातीतून करा आणि भांडं प्लास्टिकखाली हळूहळू वाळवा, नाहीतर जोडावर चिरा पडतात. कापताना पृष्ठभागावर रंग फासले जातात, ते अर्धवट वाळल्यावर पात्याने खरवडायचे, मग खालची नक्षी स्वच्छ दिसते.