महापालिकेचे पैसे : अनुदान की कामाचे बिल?

नवउद्योजकांना हात देणाऱ्या संस्थांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे हिशेब आणि करांचे काम सोपवलेल्या ग्राहकांमध्ये काही संस्था वेगळ्या जातकुळीच्या आहेत. त्या स्वतः माल बनवत नाहीत की विकत नाहीत, दुसऱ्याला धंदा उभा करायला मदत करतात. कोणी इन्क्युबेशन सेंटर (नव्या धंद्यांना जागा आणि मार्गदर्शन देणारे केंद्र) चालवते, तर कोणी बचत गटातल्या बायकांना मसाल्याचे पॅकिंग, अन्न परवाना आणि बिलबुक शिकवते. अशा संस्थेचे सचिव पेढे घेऊन येतात आणि म्हणतात, "महापालिकेकडून मंजूर झाले." आमचा पुढचा प्रश्न पेढ्याची गोडी घालवणारा असतो : "अनुदान म्हणून, की काम म्हणून?"

"पैसे आले म्हणजे झाले, दोन्ही एकच ना?" असे उत्तर हमखास येते. ते एकच नाही. किती फरक पडतो हे एकदा आकड्यांत मांडावे, म्हणून हे पत्रक.

आधी, हा पैसा येतो कुठून

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. त्यात महापालिकेची काही कामे बंधनकारक आहेत (पाणी, गटारे, दिवाबत्ती) आणि काही ऐच्छिक. नवउद्योजकांना मदत ही ऐच्छिक गटात बसते. त्यामुळे तिजोरीत खडखडाट झाला की कात्री तिथे आधी लागते. हे मनात ठेवूनच पुढची माणसे नेमा, भाड्याचे करार करा.

दुसरी गोष्ट, अंदाजपत्रकात 'स्टार्टअप' नावाचे लेखाशीर्ष (खर्चाचे सदर) शोधत बसू नका. असले तरी त्यातली रक्कम बेताची असते. खरा पैसा महिला व बालकल्याण, दिव्यांग कल्याण, समाज विकास, कौशल्य प्रशिक्षण या शीर्षांखाली असतो. शिलाई, बेकरी, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर यांचे वर्ग तिथूनच चालतात. तुमच्या प्रस्तावावर 'इकोसिस्टिम' असा शब्द असेल तर समाज विकास विभागातला कारकून तो बाजूला ठेवील. 'महिलांना स्वयंरोजगार प्रशिक्षण व व्यवसाय साहाय्य' असे लिहिलेत, तर त्याला लगेच कळेल की फाईल कुठे लावायची.

मोठ्या शहरांनी थोडे पुढे जाऊन पाहिले आहे. मुंबई महापालिकेने 'स्माइल' नावाने स्वतःचीच इन्क्युबेशनची यंत्रणा उभी केली. पिंपरी चिंचवडने स्मार्ट सिटीतून चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये स्टार्टअप इन्क्युबेशन सेंटर केले. पुण्यात 'लाइटहाउस' केंद्रांना जागा महापालिकेची आणि चालवण्याचा बराचसा खर्च कंपन्यांच्या सीएसआरमधून (समाजकार्यासाठीच्या निधीतून), असा मेळ बसला. आमच्या मते तिसरी रीत छोट्या संस्थांना सगळ्यांत झेपणारी आहे. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ ला संपले. अशा अभियानातून इमारत, काचेच्या केबिन, प्रोजेक्टर मिळतात. वीजबिल आणि पगार मात्र अभियान संपल्यावर कोणी तरी भरावेच लागतात, आणि ते 'कोणी तरी' कोण, हे करारात सहसा लिहिलेले नसते.

एकाच रकमेची दोन रूपे

समजा, महापालिकेने तुम्हाला वर्षाला १२ लाख रुपये द्यायचे ठरवले.

पहिल्या रूपात ठराव म्हणतो : 'संस्थेस तिच्या उद्योजकता विकास कार्यासाठी अनुदान.' तुम्ही तुमचेच काम करता, महापालिका त्याला हातभार लावते, खर्चाचा हिशेब मागते आणि उरलेले परत घेते.

दुसऱ्या रूपात कार्यादेश (वर्क ऑर्डर) म्हणतो : 'प्रति प्रशिक्षणार्थी अमुक दराने ३०० महिलांना प्रशिक्षण देणे.' इथे काम महापालिकेचे आहे, तुम्ही ते करून देता आणि देयक लावता. निविदा भरली असेल, बयाणा रक्कम (निविदेबरोबर ठेवायची अनामत) भरली असेल, दंडाचे कलम असेल, तर मनात 'अनुदान' म्हणत राहण्यात अर्थ नाही. ते कंत्राट आहे.

आता जीएसटी. केवळ मदत म्हणून, मोबदल्यात काही न मागता दिलेल्या अनुदानावर जीएसटी लागत नाही. पण कायद्यात मोबदल्याच्या व्याख्येतून जी सबसिडी वगळली आहे, ती केंद्र आणि राज्य सरकारची. 'स्थानिक प्राधिकरण' हा शब्द तिथे नाही. म्हणून राज्याच्या अनुदानाला जे संरक्षण कायद्याच्या शब्दातच मिळते, ते महापालिकेच्या अनुदानाला तुमच्या ठरावाच्या भाषेतून मिळवावे लागते.

काम म्हणून पैसे येत असतील आणि कार्यादेशावर 'सर्व करांसह' असे दोन शब्द असतील, तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने १२ लाखांतले १,८३,०५१ रुपये कराचे निघतात. तुमचे राहतात १०,१६,९४९. हे दोन शब्द टेंडरच्या कुठल्या पानावर आहेत ते सही करण्याआधी बघा. आमच्याकडे एक संस्था वर्ष संपल्यावर आली होती. पैसे घेऊन झाले होते, मास्तरीणबाईंचे मानधन देऊन झाले होते आणि कर कोणीच भरला नव्हता. तो शेवटी विश्वस्तांनी वर्गणी काढून भरला.

यातून सुटायला एक वाट आहे, पण ती रुंद नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३ब (इंग्रजीत 243W) आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची १८ कामे दिली आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आली. त्यांत 'आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन' आहे आणि 'नागरी दारिद्र्य निर्मूलन' आहे. यांपैकी कामाशी संबंधित 'निव्वळ सेवा', म्हणजे माल न पुरवता दिलेली सेवा, महापालिकेला दिली तर तिला जीएसटीची माफी आहे. प्रशिक्षणाबरोबर शिलाई यंत्रेही तुम्हीच पुरवलीत तर ती निव्वळ सेवा राहत नाही. आणि धंद्याचे प्रशिक्षण म्हणजे 'नियोजन' का, यावर कर अधिकारी भांडू शकतो. गरीब वस्तीतल्या महिलांसाठीचे काम असेल तर दारिद्र्य निर्मूलनाची बाजू जास्त भक्कम. कार्यादेशात हे काम बाराव्या अनुसूचीतल्या कोणत्या नोंदीखाली दिले, ते एका ओळीत लिहून घ्या. विभागाला ती ओळ घालायला काही पडत नाही आणि पुढे नोटीस आली तर हातात काही तरी असते.

आयकराचा २० टक्क्यांचा उंबरठा

हा मुद्दा लोकांना सगळ्यांत कमी माहीत असतो आणि सगळ्यांत जास्त चटका देतो.

तुमची संस्था धर्मादाय म्हणून आयकरातून सूट घेत असेल, तर आयकर खाते आधी पाहते की तुमचे काम कोणत्या प्रकारात मोडते. गरिबांना साहाय्य आणि शिक्षण यांना वेगळी वागणूक आहे. पण 'नवउद्योजकांना मदत' सहसा 'सार्वजनिक उपयोगाचे इतर काम' या पेटीत जाते. त्या पेटीत, व्यापारी स्वरूपाच्या सेवेची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षाची सूट जाते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या प्रकरणात हे बारकाईने तपासले. खर्चाइतकेच किंवा नाममात्र वाढवून घेतलेले शुल्क व्यापारी धरायचे नाही, पण खर्चापेक्षा ठळक जास्त घेतले तर २० टक्क्यांचे माप लागणार, असा त्याचा मथितार्थ.

आपल्या उदाहरणात संस्थेची वर्षाची एकूण जमा ५० लाख धरा. त्यातले महापालिकेचे १२ लाख अनुदान असतील तर ते या मापात येतच नाहीत. तेच नफा ठेवून केलेल्या कामाचे बिल असतील तर २४ टक्के झाले, उंबरठा ओलांडला. रक्कम तीच, बँकेचे खाते तेच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे जुने आकडे बदलले आहेत, त्यामुळे जुन्या फॉर्मवर विसंबून पत्रव्यवहार करू नका, आम्हाला विचारा.

पावती वाचायची कशी

ठराव धूसर असेल तर महापालिकेच्या लेखा विभागाने तुम्हाला काय समजले आहे ते देयकाच्या वजावटींवरून कळते. नमुना बघा. तिमाही देयक ३,००,००० रुपयांचे, कर वेगळा.

आयकराची वजावट, व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के : ३०,००० रुपये. (कंत्राट म्हणून धरले तर संस्थेला २ टक्के.) जीएसटीची वजावट २ टक्के : ६,००० रुपये. ही अडीच लाखांवरच्या करारांना, करपात्र सेवेवरच लागते. सुरक्षा अनामत करारात ५ टक्के असेल तर १५,००० रुपये. जीएसटी सोडून हातात आले २,४९,००० रुपये.

जीएसटीची २ टक्के कापलेली दिसली की समजा, लेखा विभागाने तुम्हाला ठेकेदार धरले आहे, ठरावात अनुदान लिहिले असले तरी. ती रक्कम बुडत नाही. जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की तिथल्याच तुमच्या रोख खात्यात जमा होते. पण पोर्टलवर जाऊन ती स्वीकारावी लागते आणि हे कितीतरी संस्था महिनोन्महिने करत नाहीत. आयकराची वजावट विवरणपत्र भरल्यावर परताव्यात येते. अनामत मात्र करार संपल्यावर अर्ज केल्याशिवाय कोणी आणून देत नाही. तिची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तोवर फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली असते.

जागा फुकट का मिळत नाही

"महापालिकेची शाळा रिकामी पडली आहे, एक रुपया भाड्याने देतील का?" हा प्रश्न वारंवार येतो. अधिनियमाच्या कलम ७९ नुसार महापालिकेची मिळकत सर्वसाधारणपणे चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात भाड्याने वा विक्रीने देता येत नाही. म्हणून सूज्ञ अधिकारी भाडेकरार टाळतात. केंद्र महापालिकेचे, ताबा महापालिकेचा, तुम्ही फक्त ते चालवता, असा करारनामा करतात. तुमच्यासाठीही तेच बरे. मात्र अशा जागेत तुम्ही घातलेले फर्निचर कोणाचे, वीजमीटर कोणाच्या नावावर, बाहेरच्या पाटीवर कोणाचे नाव, हे तिन्ही लेखी घ्या. पाटीवरून झालेले वाद आम्ही भाड्यावरून झालेल्या वादांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

केंद्रात बसणाऱ्या स्टार्टअपबद्दल एक खुलासा. इन्क्युबेटरमधल्या उद्योजकाला ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत तीन वर्षे सेवांवर जीएसटी माफ, असे ऐकून ते तुमच्याकडे येतात. ती सवलत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मान्यता दिलेल्या इन्क्युबेटरमधल्यांनाच आहे. निव्वळ महापालिकेच्या केंद्रात टेबल घेतले म्हणून ती लागत नाही. माहितीपुस्तिकेत असे आश्वासन छापले असेल तर ते आधी काढा.

फाईल कधी हलते

आमचा अनुभव असा : विभागांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या दिवाळीच्या आसपास गोळा होतात, आयुक्त अंदाजपत्रक मांडतात तोवर ताटे वाढून झालेली असतात. फेब्रुवारीत प्रस्ताव नेलात तर तो पुढच्याच्या पुढच्या वर्षाचा. मग 'वर्गीकरण' करून देतो असे कोणी सांगते, म्हणजे एका लेखाशीर्षातली न वापरलेली रक्कम दुसऱ्यात वळवणे. होते कधी कधी, पण त्यावर पगार बांधू नका.

ठराव सभेने करायचा की प्रशासकाने, हेही पाहा. पुणे, पिंपरी चिंचवड, मुंबई इथल्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे प्रशासकच सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार वापरत होते. त्या काळातले तुमचे ठराव असतील तर त्यांच्या साक्षांकित प्रती आत्ताच मिळवून ठेवा. लेखापरीक्षण मागाहून येते आणि आक्षेपाला उत्तर विभाग देत असला तरी कागद तुमच्याकडेच मागतो.

अनुदान असेल तर वेगळे बँक खाते, वेगळी रोकडवही. त्या खात्यावर पडलेले व्याज तुमचे नसते, बहुतेक मंजुरीपत्रांत ते परत करायची अट असते. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेले नाही तर दुसरा हप्ता येत नाही. अनुदानातून घेतलेला लॅपटॉप परवानगीशिवाय विकता येत नाही, भंगारातसुद्धा. आणि पैसे कामाचे असोत की अनुदानाचे, देयक मार्चअखेरीला गर्दीत सापडते. तीन महिन्यांचा खर्च स्वतःच्या गाठीला नसेल तर होकार देऊ नका. हा आमचा सल्ला कोणाला आवडत नाही.

सीएसआरची जोड द्यायची असेल तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातली इन्क्युबेटरची नोंद केंद्र, राज्य किंवा त्यांच्या एजन्सीने निधी दिलेल्या इन्क्युबेटरची आहे. फक्त महापालिकेचा निधी तिथे पुरतो का, यावर कंपनीचा लेखापरीक्षक अडून बसू शकतो. त्यापेक्षा रोजगारक्षम कौशल्य प्रशिक्षणाची नोंद पकडली तर प्रश्नच येत नाही. सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंदणी) मात्र हवीच, ती एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे.

आमच्याकडे येताना

ठराव, मंजुरीपत्र किंवा कार्यादेश, करारनामा आणि आधीच्या देयकाची वजावटींसह पावती, एवढे आणा. सही करण्याआधी आणलेत तर तासाभरात पाहून सांगतो. सही झाल्यावर आणलेत तर दुरुस्तीपत्रकासाठी विभागात चकरा माराव्या लागतात आणि त्यांचे पैसे आम्ही वेगळे लावतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तरी चालेल, फक्त कार्यादेशाच्या मागच्या बाजूचाही काढा. छापील अटी तिथे असतात.