साखर की भाकर? कान आणि म्हातारपणची स्मरणशक्ती

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. रोज भिजवलेले बदाम, ब्राह्मी आणि कानात लसणाचं कोमट तेल, म्हणे ऐंशीव्या वर्षीही डोकं तल्लख. बदाम खा हो खुशाल, पण तेलाने ना ऐकू येतं ना आठवतं, आणि कानाच्या पडद्याला भोक असेल तर नसती आफत. गंमत म्हणजे कानाचा आणि डोक्याचा संबंध आहे मात्र खरा.

लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञांच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये डिमेन्शियाची (म्हणजे स्मृतिभ्रंशाची) १४ टाळता येण्यासारखी कारणं दिलीयेत, सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा हिशोब. बीपी, शुगर, सिगरेट आपल्याला माहीत असतं, पण यादीत सगळ्यात वर दोन आहेत, वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं.

आमच्या इंदूरला रामबागेत एक काका आहेत. सून विचारते, "बाबा, साखर आणू का?" तर म्हणतात, "नको, आज पोळीच खाऊ." घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. पण काकांची बुद्धी शाबूत आहे, त्यांचा 'स' गेलाय!

होतं काय, आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिया, तिच्यात आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी, आणि मेल्या की परत उगवत नाहीत. त्यातल्या बाहेरच्या तीन रांगांतल्या पेशींत प्रेस्टिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्यामुळे त्या आवाजाच्या तालावर आखडतात-लांबतात आणि हळू आवाज मोठा करून आतल्या रांगेला देतात, म्हणजे निसर्गाचा अँप्लिफायरच. बारीक, उंच आवाजाच्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयाबरोबर आधी त्याच जातात. 'स', 'श' यांचा जोर ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक याचं माप) आसपास आणि वर, 'आ', 'ओ' खाली. म्हणून काका म्हणतात, ऐकू येतं गं, कळत नाही. मग 'आ-अर' एवढ्यावरून मेंदू अंदाज बांधत बसतो, साखर, भाकर, घागर? जी वर्किंग मेमरी, म्हणजे मेंदूची तात्पुरती पाटी, बोलणं लक्षात ठेवायला हवी ती शब्द ओळखण्यातच खर्च होते, आणि जे नीट आत गेलंच नाही ते संध्याकाळी आठवणार कुठून. वर माणूस चारचौघांत बसणं टाळायला लागतो, ते वेगळंच नुकसान.

मग कानाचं मशीन लावलं की झालं? तसंही नाही. मशीनने डोक्याला फायदा होतो का हे बघायला अमेरिकेत अचीव्ह नावाची ट्रायल झाली, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, ३ वर्षं, रिझल्ट २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना मेंदूच्या घसरणीचा धोका आधीच जास्त होता त्या गटात ती ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे जादू नाही पण फायदा आहे, आणि जास्त गरज असलेल्यांनाच.

मशीन लावल्यावर सुरुवातीला कुकरची शिट्टी आणि राजवाडा चौकातले गाड्यांचे हॉर्न डोक्यात जातात, मग ते ड्रॉवरमध्ये पडून राहतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञाकडून, सेटिंग पुन्हापुन्हा करून घ्यावं लागतं. ऑनलाइन मिळणारं नुसतं आवाज वाढवणारं स्वस्त यंत्र इथे उपयोगाचं नाही, ते 'स' बरोबर 'आ'ही वाढवतं, जो काकांना आधीच ऐकू येत होता.