डबल कोलनच्या डावीकडे कोण: नेमस्पेस की एनम?

सी प्लस प्लसच्या कोडमध्ये रेल्वे::सिग्नल::लाल असं दिसलं, तर मधला ‘सिग्नल’ नेमस्पेस आहे की एनम (ठरावीक नावांची यादी)? नुसत्या एवढ्यावरून सांगता येत नाही. डबल कोलन दोन्हीकडे तेच. (नावं मुद्दाम देवनागरीत घेतली आहेत, जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून पुढे ती विनातक्रार चालतात.)

व्हेरिएबल डिक्लेअर करायला गेलं की खरं काय ते कळतं. एनम हा टाइप आहे, म्हणून ‘रेल्वे::सिग्नल पुढचा;’ ही ओळ चालते. नेमस्पेस म्हणजे निव्वळ नावांचा कप्पा. तिथे हीच ओळ लिहिलीत, तर या नावाचा टाइपच नाही म्हणून कंपायलर अडून बसतो.

मग सिग्नलसाठी कुणी नेमस्पेस कशाला करेल? करायचे, आणि त्याला कारण होतं. साधा एनम आपली नावं स्वतःजवळ ठेवत नाही. लाल, पिवळा, हिरवा सगळी बाहेरच्या नेमस्पेसमध्ये सांडतात. त्याच ‘रेल्वे’त डब्यांच्या रंगांचा दुसरा एनम आला आणि त्यातही ‘लाल’ निघाला, की कंपाइल एरर. २०११ च्या आधी सिग्नल::लाल लिहायची मुभाही स्टँडर्डमध्ये नव्हती. म्हणून लोक ‘सिग्नल’ नावाची नेमस्पेस करून तिच्यात ‘प्रकार’ नावाचा एनम ठेवायचे. व्हॅल्यू सिग्नल::लाल, पण टाइप मात्र सिग्नल::प्रकार! जुन्या कोडमध्ये नवखे अडखळतात ते नेमके इथेच.

सी प्लस प्लस ११ मध्ये ‘एनम क्लास’ आला आणि ही कसरत संपली. टाइप सिग्नल, व्हॅल्यू सिग्नल::लाल, आणि स्टॅटिक कास्ट (म्हणजे मुद्दाम लिहून केलेलं रूपांतर) केल्याशिवाय त्याचा इंट, म्हणजे साधा पूर्णांक, होत नाही. साध्या एनमलाही सिग्नल::लाल लागू झालं खरं, पण रेल्वे::लालही तसंच चालू राहिलं. म्हणजे सांडणं काही थांबलं नाही.

लांबलचक नाव छोटं करायचं, तर नेमस्पेसला नेमस्पेस एलियस लागतो आणि एनमला टाइप एलियस. अदलाबदल केलीत की एरर. ‘युझिंग नेमस्पेस’ एनमवर चालत नाही. त्यासाठी सी प्लस प्लस २० चं ‘युझिंग एनम’ आहे. मी ते फक्त स्विचपुरतं वापरतो. हेडरमध्ये, म्हणजे इतर फाइल्स आत ओढून घेतात त्या फाइलमध्ये लिहिलं, तर जे सांडणं टाळायला एनम क्लास घेतला तेच पुन्हा सुरू.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. नेमस्पेस कुठल्याही फाइलमध्ये पुन्हा उघडून तिच्यात भर घालता येते. एनमची यादी कंस बंद झाला की संपली. त्यामुळे लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा अशा चार सिग्नलांच्या एनमवर स्विच लिहिताना दुहेरी पिवळा विसरलात आणि डिफॉल्टही नसला, तर वॉर्निंग चालू असलेला जीसीसी तो नावानिशी दाखवतो. तेच चार सिग्नल नेमस्पेसमध्ये नुसते इंट म्हणून ठेवले असतील, तर तो गप्प राहतो.