जुनी कॉमिक्स: घ्यायची कशी, सांभाळायची कशी

आमच्याकडून पहिल्यांदा जुनं कॉमिक घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही हे पत्रक देतो. शक्यतो पैसे देण्याआधी वाचा. दुकानात गर्दी नसेल तर यातलं सगळं आम्ही तोंडीही सांगतो, पण रविवारी सकाळी ते जमत नाही. आणि भिंगाखाली काय दिसतं हे फोनवर समजावून सांगणं कठीण आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भाव चढताहेत एवढ्याचसाठी कॉमिक घेऊ नका. आम्ही विकणारे आहोत, तरी हे मनापासून सांगतो. जो अंक पुन्हा वाचावासा वाटतो, ज्याचं मुखपृष्ठ लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे, तो घ्या. उद्या भाव उतरले तरी अशा अंकाचा पस्तावा कोणाला झालेला आम्ही पाहिला नाही. नुसत्या भावासाठी घेतलेल्या गठ्ठ्यांचा मात्र होतो. ते गठ्ठे परत आमच्याकडेच येतात, आणि तेव्हा आम्ही सांगतो तो आकडा ऐकून माणसाचा चेहरा पडतो.

भाव का चढले

आमच्या दुकानात सर्वांत जास्त मागणी इंद्रजाल कॉमिक्सना. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि एप्रिल १९९० मध्ये ती बंद झाली. सव्वीस वर्षांत ८०३ अंक. इंग्रजी, हिंदी आणि मराठीत मालिका निघाली, मग इतर भाषांतही गेली. सुरुवातीच्या ३२ अंकांत नायक एकच, वेताळ, म्हणजे इंग्रजीतला 'फँटम'. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी ही इतर परदेशी नायकमंडळी आली. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला बहादूर आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा आपल्या मातीतला नायक.

बंद पडलेल्या मालिकेचे नवे अंक येत नाहीत आणि जुने दरवर्षी कमी होतात. घर बदललं, माळा साफ केला, वडिलांची ट्रंक उघडली की निम्मी कॉमिक्स आजही रद्दीच्या तराजूवर जातात. दुसऱ्या बाजूला, सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाचनालयातून एक अंक दोन दिवसांसाठी आणणारी मुलं आता पन्नाशी-साठीत आहेत. हातात पैसा आहे, थोडी सवड आहे, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकमेकांची ओळख झाली आहे. त्यात परदेशातले वेताळप्रेमीही आले. आपल्याकडच्या आवृत्तीत काही नावं बदलली होती, वेताळाच्या देशाचं, 'बेंगाली'चं, 'डेंकाली' झालं, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. त्यामुळे बाहेरच्या संग्राहकांना इंद्रजाल ही वेगळीच चीज वाटते.

अमेरिकेतल्या बातम्या वाचूनही बरेच जण येतात. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. छापील किंमत दहा सेंट, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरना गेली. बातमी खरी आहे. पण त्या बाजारामागे १९७० पासून निघत आलेलं भावांचं पुस्तक आहे. २००० पासून अंक तपासून, त्याला दहापैकी गुण देऊन, पारदर्शक डबीत सीलबंद करणारी कंपनी आहे. प्रत कोणत्या अवस्थेत आहे यावर दोन अनोळखी माणसांचं एकमत होऊ शकतं.

आपल्याकडे सगळ्यांनी मानलेली अशी भावसूची नाही. आपल्याकडचा 'भाव' म्हणजे परवा ग्रुपवर कोणी किती मोजले तो आकडा. एका अंकासाठी दोन माणसं हट्टाला पेटली की तो आकडा एका रात्रीत दुप्पट होतो. त्यातल्या एकाला अंक मिळतो. आठवड्याने तोच अंक दुसऱ्या कोणी विकायला काढला, तर पहिल्याला आता त्याची गरज नसते आणि उरलेला एकटा माणूस निम्म्या भावात मागतो. दोन्ही आकडे खरेच. म्हणून 'अमुक ग्रुपवर इतक्याला गेला' असं कोणी सांगितलं तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, तो एकदाच गेला की तीन-चारदा?

नंबरांचा घोळ

संच पूर्ण करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. इंद्रजालचे १२३ आणि १२४ क्रमांकाचे अंक निघालेच नाहीत. त्या वेळी टाइम्समध्ये संप होता. हे दोन नंबर शोधत फिरणारे, आणि 'मिळवून देतो' म्हणून आगाऊ पैसे घेणारे, दोन्ही आम्हाला भेटले आहेत. ४४३ नंतर सलग नंबर थांबतो आणि खंड-अंक अशी मोजणी सुरू होते, खंड २० अंक १ पासून. तुमच्या यादीत ४४४ असेल आणि समोरच्या अंकावर तो आकडा दिसत नसेल, तर तो खोटा आहे असं समजू नका.

पहिल्या दहा अंकांबद्दलही हाच गैरसमज होतो. त्यांत वेताळाची गोष्ट १६ पानांचीच होती, बाकी पानांवर इतर मजकूर असायचा. गोष्ट लवकर संपली म्हणजे पानं गळाली असं नव्हे. तरी पानं मोजा, ती प्रत्येक अंकाची मोजायचीच.

मराठी अंकांबद्दल आमचं स्वतःचं मत असं: ते अजून त्यांच्या दुर्मीळपणाच्या मानाने स्वस्त आहेत. इंग्रजी अंकाला देशभरातून आणि बाहेरून गिऱ्हाईक असतं, मराठीला आपणच. पण चांगल्या अवस्थेतला साठच्या दशकातला मराठी अंक आमच्या टेबलावर येतो तेव्हा ती दुकानातली मोठी घटना असते. मराठीत वाचत वाढला असाल तर मराठीच घ्या, इंग्रजीच्या मागे उगाच धावू नका.

अंक हातात आल्यावर

घाई करू नका. आमच्याकडे टेबल आहे, दिवा आहे, दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे. हात धुऊन, कोरडे करून बसा.

आधी पिना बघा. इतक्या वर्षांच्या अंकाची पीन थोडी काळवंडलेली, भोवती तांबूस डाग, हे स्वाभाविक आहे. पीन नवी कोरी, चकचकीत असेल तर अंक कधीतरी उघडून पुन्हा शिवलाय. का शिवला ते विचारा. पुष्कळदा कारण साधं असतं, गंजलेली पीन बदलली इतकंच. पण कधी कधी दोन फाटक्या अंकांचा मिळून एक केलेला असतो. मग मधल्या जोडपानाचा रंग बाकी पानांशी जुळतो का ते पाहा. एकाच गठ्ठ्यात राहिलेल्या पानांना पिवळेपणा सारखा येतो, कडेला गडद आणि आत फिका. मधलंच एक पान वेगळं पांढरं दिसलं तर ते दुसरीकडून आलंय.

मग मुखपृष्ठ. मुखपृष्ठ हरवलेल्या अंकावर रंगीत झेरॉक्स लावून 'फाइन', म्हणजे चांगल्या अवस्थेतला, म्हणून विकणं आता सर्रास झालंय, कारण भाव चढले. भिंगाखाली छापखान्यातलं चित्र सुटसुटीत, ओळीत मांडलेल्या रंगीत ठिपक्यांचं दिसतं. घरगुती प्रिंटरचं चित्र विस्कटलेल्या शिंतोड्यांसारखं दिसतं. झेरॉक्सची शाई कागदावर चढून बसते, दिव्याखाली तिरकं धरलं की चमकते, आणि घडीवर तिचे बारीक पापुद्रे निघतात. मुखपृष्ठाच्या मागची बाजू जरूर पाहा. खऱ्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूलाही वय दिसतं.

जाहिरातीची पानं उलटून बघा. गोळ्या-बिस्किटांच्या जाहिरातीतलं कुपन मुलांनी कात्रीने कापून पाठवलेलं असतं, आणि मागच्या पानावर गोष्टीची चौकट अर्धी गायब झालेली असते. त्या चौकोनी भोकाने किंमत कमी होते, पण ज्याला वाचायचाय त्याच्यासाठी असा अंक उत्तम.

वाचनालयाचा शिक्का, पेनाने लिहिलेलं नाव, 'रोजचे भाडे १० पैसे' अशा चिठ्ठ्या, यांना संग्राहक नाकं मुरडतात. आम्ही शिक्क्याचे पैसे कमी करतो कारण बाजार करतो, पण खरं सांगायचं तर आम्हाला ते आवडतात. वाचनालयं चार-पाच अंक एकत्र शिवून पुठ्ठा घालायची. अशा बाइंडिंगमध्ये कडा कापलेल्या असतात आणि कधी कडेचे शब्दही जातात, पण आतला कागद उजेडापासून वाचलेला असतो. असा खंड हाती आला तर अंक सुटे करू नका. ओढताना घडी फाटतेच.

आम्ही चारच श्रेणी वापरतो: उत्तम, चांगला, वाचायला चालेल, आणि तुटका. 'मिंट', म्हणजे अगदी नवा कोरा, हा शब्द वापरत नाही. कोरा राहिलेला इंद्रजालचा अंक आम्ही आजवर पाहिला नाही, ते अंक वाचण्यासाठीच छापलेले होते.

अमर चित्रकथेबद्दल थोडक्यात

१९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या या मालिकेचा बाजार वेगळा आहे, कारण हे अंक पुन्हा पुन्हा छापले गेले आणि आजही नवे मिळतात. गोष्ट वाचायची असेल, नातवंडांना द्यायची असेल, तर जुनी घेऊच नका, नवी घ्या. राम वाईरकर किंवा प्रताप मुळीक यांची चित्रं त्या काळच्या छपाईत, त्या काळच्या कागदावर पाहायची असतील तरच जुन्याला जादा पैसे मोजा. एकाच अंकाच्या दोन जुन्या प्रतींत आधीची कोणती हे ओळखायला छापील किंमत आणि आतल्या जाहिराती सर्वांत उपयोगी पडतात. कमी किंमत छापलेली प्रत बहुधा आधीची. नुसतं 'जुनी आहे' म्हणजे पहिली आवृत्ती नव्हे, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

घरी नेल्यावर

त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे आणि आम्लामुळे तो आपोआप पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे तीन शत्रू. माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली तो तापतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते.

आमची एक चूक सांगतो म्हणजे तुमची टळेल. सुरुवातीच्या काळात आम्ही स्टेशनरीच्या दुकानातून जाड, मऊ, चकचकीत प्लॅस्टिकची पाकिटं आणून त्यांत चांगले अंक घातले. दोन उन्हाळ्यांनंतर काढायला गेलो तर मुखपृष्ठाची शाई प्लॅस्टिकला चिकटून आली. वेताळाचा अर्धा चेहरा पाकिटावर राहिला. ते पाकीट पीव्हीसीचं होतं. आता आम्ही फक्त पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरतो आणि विकतो, आत आम्लरहित पुठ्ठा घालून. पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा वास येतो, त्यावरून ओळखा.

लॅमिनेशन कधीही करू नका. सेलोटेप लावू नका, लावलेला असेल तर ओढू नका. अंक उभे ठेवा, फार घट्ट नकोत. पिशवीतला सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) पावसाळ्यात महिन्याला बदला. कसर आणि वाळवीसाठी दर दोन-तीन महिन्यांनी खोका उघडून प्रत्येक अंक हाताळणं याहून चांगला उपाय नाही. डांबराच्या गोळ्या अंकांना लागून ठेवू नका, तो वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

२०२१ च्या पुरानंतर चिपळूणहून एक गृहस्थ भिजलेला गठ्ठा घेऊन आले. त्यांनी तो घाबरून उन्हात पसरला होता, आणि पानं वाळताना एकमेकांना चिकटून वीट झाली होती. त्यातले थोडेच सुटले. पाणी लागलंच तर उन्हात घालू नका आणि पानं सोडवायची घाई करू नका. गठ्ठा तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो. मग एकेक अंक काढून, पानांमध्ये टिपकागद घालून, पंख्याखाली सावलीत वाळवा आणि टिपकागद बदलत राहा.

विकायला आणताना

अंक साफ करून आणू नका. खोडरबराने, ओल्या फडक्याने पुसलेल्या मुखपृष्ठांनी आमचे आणि तुमचे दोघांचेही पैसे गेले आहेत. आहे तसं, खोक्यासकट आणा.

आम्ही ज्या किमतीला विकू शकू असं वाटतं, तो आकडा तुम्हाला सांगतो आणि त्याच्या निम्मे रोख देतो. जास्त हवे असतील तर अंक आमच्याकडे विक्रीसाठी ठेवा, विकल्यावर सत्तर टक्के तुमचे. मोठा संग्रह असेल तर घरी येऊन पाहतो, त्याचे पैसे घेत नाही. वडील किंवा आजोबा गेल्यानंतर लगेच विकायला निघालेल्यांना आम्ही एक-दोन महिने थांबायला सांगतो. नंतर त्यांतले चार-पाच अंक घरीच ठेवावेसे वाटतात, आणि एकदा गेलेला नेमका तोच अंक परत मिळवून देणं आम्हालाही जमत नाही.

आमच्याकडून घेतलेल्या अंकात आम्ही न सांगितलेला दोष सापडला, म्हणजे पान कमी, मुखपृष्ठ झेरॉक्स, जोडलेला अंक, तर पंधरा दिवसांत परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. पावती जपून ठेवा. तिच्या मागे अंकाचा नंबर, श्रेणी आणि पानांची संख्या आम्ही हाताने लिहून देतो. निघण्याआधी ती संख्या आमच्यासमोर एकदा मोजून घ्या.