शाळेतली पूजा आणि पालकांना न विचारलेली संमती

दसरा जवळ आला की विदर्भातल्या खेड्यांत शाळेभोवती कुजबुज सुरू होते. पाटीपूजन वर्गातच होणार का, शारदेची मूर्ती यंदा कोण आणणार, वर्गणी सगळ्यांकडून घ्यायची की राजीखुशीने देतील त्यांच्याकडूनच. बहुतेक पालकांना यात वावगं वाटत नाही. त्यांनीही लहानपणी पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढलेली असते. ज्यांना खटकतं त्यांचं म्हणणं कधी कागदावर येत नाही, म्हणून दर वर्षी हा प्रश्न पहिल्यांदाच निघाल्यासारखा निघतो.

त्याचं वय मात्र मोठं आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि लगेच १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी शाळांतलं शिक्षण पूर्णपणे धर्मनिरपेक्ष राहील असं ठरवलं. बायबल ग्रंथालयात ठेवावं, मुलाने आपणहून विचारलं तर मास्तरांनी सांगावं, तेही शाळेची वेळ सोडून. शाळेची वेळ आणि मुलाची स्वतःची इच्छा, हे दोन्ही धागे पुढे टिकले.

खरी गुंतागुंत झाली ती १९३७ पासून, आणि तीही आपल्याच मुलखात. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची, योजना पुढे आली. तिच्यात धर्मशिक्षण नव्हतं. का नाही, याचं उत्तर गांधीजींनी १९३८ मध्ये लिहून दिलं. धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात त्यातून एकीऐवजी भांडणं होतील अशी भीती वाटते, म्हणून ते वगळले, असा त्याचा आशय. सर्व धर्मांत समान असलेली तत्त्वं शिकवायला त्यांची हरकत नव्हती. असं लिहिणारा माणूस आजच्या सेवाग्रामात रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने खेड्यांसाठी ‘विद्यामंदिर’ योजना काढली. दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवायची, अशी कल्पना होती. शाळा सगळ्यांनाच हवी होती, पण मुसलमान पालकांना ‘मंदिर’ या शब्दाचीच हरकत होती. मराठी कानाला हा शब्द इतका सवयीचा की त्यात देऊळ ऐकूच येत नाही. ज्याला ऐकू येतं त्याला मात्र कान बंद कर म्हणता येत नाही. ते कोणी समजून घेतलं नाही आणि वाद प्रांताच्या हद्दीबाहेर गेला.

संविधान सभेत हा विषय ७ डिसेंबर १९४८ रोजी आला. सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको, याची कारणं बाबासाहेबांनी सभागृहात मांडली. कराचा पैसा सगळ्यांचा असतो. एवढ्या धर्मांना सारखा न्याय देणं सरकारला जमणार नाही. आणि प्रत्येक धर्म आपलीच वाट खरी म्हणत असल्याने वर्गात शांतता राहणार नाही. धर्मांचा अभ्यास ही मात्र वेगळी गोष्ट आहे, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं.

यातून आलेल्या अनुच्छेद २८ वर इथे जरा थांबावं लागेल, कारण गावातले निम्मे वाद त्याच्या शब्दांत अडकलेले आहेत. पहिलं कलम म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही. तिसरं कलम मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेविषयी आहे. तिथे धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला कोणालाही भाग पाडता येत नाही, स्वतःची संमती असल्याखेरीज. आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. म्हणजे ‘उपासना’ हा शब्द तिसऱ्या कलमात आहे, पहिल्यात नाही. याच फटीतून जिल्हा परिषदेच्या शाळेतली पूजा आत येते. पूजा म्हणजे काही शिक्षण नव्हे, मग मनाई कुठे आहे, असं म्हणणारे मुख्याध्यापक मला भेटले आहेत आणि ते मनापासून बोलत होते. मला ते पटत नाही. सात वर्षांच्या पोराला कोणापुढे हात जोडायचे हे वर्गात रोज दाखवलं, तर त्याच्यापुरतं तेच शिक्षण असतं. आणि सगळी मनाई अनुदानित शाळेच्याच वाट्याला टाकून निव्वळ सरकारी शाळेला मोकळं सोडायचं, असा घटनाकारांचा हेतू असेल हे मानणं अवघड आहे.

दुसरी अडचण आपल्या भाषेतली. मराठीत सगळंच ‘शिक्षण’. धर्माची दीक्षा द्यावी तसं शिकवणं आणि धर्मांविषयी माहिती देणं, दोन्ही त्याच शब्दात बसतात. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाने हा फरक मुद्दाम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अभ्यासक्रमाच्या आराखड्यावर निर्णय देताना धर्मांच्या अभ्यासाला मनाई नाही असंच सांगितलं. पालकांच्या बैठकीत मात्र एक जण दुसऱ्या अर्थाने बोलतो, दुसरा पहिल्या अर्थाने रागावतो.

विदर्भात हे इतकं टोकदार का, याचं उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरात आहे. त्या दिवशी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म स्वीकारताना घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा-विष्णू-महेशाची उपासना न करण्याचा शब्द आहे. आजी-आजोबांनी तो शब्द दिला त्या घरातलं पोर शारदेच्या मूर्तीपुढे उभं असतं, तेव्हा त्याच्या आईबापांची हरकत आडमुठेपणाची नसते, घरातल्या दिलेल्या वचनाची असते. मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंड पालकांची तक्रार याहून शांत, पण तितकीच जुनी. त्यांची पोरं आश्रमशाळेत राहतात. पूजेच्या दिवशी घरी राहण्याची वाटही त्यांना नसते.

न्यायालयांत पुढे जे झालं त्यातलं १९८६ चं प्रकरण पालकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण श्रद्धेपायी गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरे, असं त्यातून निघालं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकचे एक शिक्षक गेले. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहत, हात जोडत नसत, आणि त्यावरून त्यांचा वेतनाचा लाभ अडवला गेला होता. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, हा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. केंद्रीय विद्यालयांमधल्या संस्कृत प्रार्थनेचा मामला जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे सोपवला.

इकडे शाळेत हे सगळं ‘परिपाठ’ या एका शब्दाखाली झाकलं जातं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका (२०२० पासून ती राज्यभर रोज वाचायची आहे), प्रार्थना, श्लोक, सुविचार, पंचांग, दिनविशेष, बोधकथा, कुठे शेवटी पसायदान. उद्देशिकेतल्या ‘विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ या ओळीनंतर दोन मिनिटांत हात जोडून डोळे मिटा म्हणायचं, हे पोरांना कळत नाही असं कोणी समजू नये. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठ करण्याची सूचना होती. त्यावर जी चर्चा पेटली ती मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत झाली. खेड्यातल्या पालकाला ती मोबाईलवर अर्धीमुर्धी कळली, आणि आपल्या शाळेत हे आधीपासूनच चालू आहे की आता येणार, एवढाच प्रश्न त्याच्याकडे उरला.

तालुक्याच्या गावी आणखी एक गोंधळ. आपल्याकडे कोणत्याही इंग्रजी शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग ती चालवणारी संस्था गावातल्याच पुढाऱ्याची असली तरी. त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये पोरं बिघडतील या धास्तीला पुष्कळदा नावापलीकडे आधार नसतो. जिथे खरोखर चर्चची शाळा आहे आणि सकाळची प्रार्थना आहे, तिथेही नियम तोच लागतो: पालकाची संमती.

ती संमती विचारते कोण? २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणले, त्यामुळे विचारायला जागा झाली. पण दाखलखारीज रजिस्टरमध्ये धर्माचा रकाना आहे, जातीचा आहे, संमतीचा नाही. गप्प राहिला तो राजी, असं धरून चालतात. संविधानाने शाळेला संमती घ्यायला सांगितलं होतं. गावात मात्र पालकालाच उठून हरकत नोंदवावी लागते, तीही जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला आडनावानिशी ओळखतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेच्या व्हरांड्यात मी बसलो असताना चौथीतल्या मुलीचे वडील आले. वेचणीचे दिवस होते, सदऱ्याला कापसाचे तंतू लागलेले.

“सर, पोरगी उभी राहीन, शांत राहीन. तिले हात जोडाले मात्र लावू नका.”

“भाऊ, मी कोणालेच जबरदस्ती नाही करत,” सर म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. “पण तुम्ही लेखी द्या. उद्या कोणी विचारलं तं मले दाखवता आलं पाहिजे.”

“लेखी देलं तं गावात माह्यंच नाव होते, सर.”

अर्ज आला नाही. पाटीपूजनाच्या दिवशी मुलगीही आली नाही, आणि हजेरीपटावर तिची गैरहजेरी लागली.