ग्रीनहॅमचं गायरान कुणी ‘दिलं’ नाही

इंग्लंडमधल्या बर्कशायरच्या ग्रीनहॅम कॉमन या लष्करी हवाई तळाची एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: महिलांनी कुंपणाबाहेर ठाण मांडलं, अमेरिकी अण्वस्त्रं गेली, महिला घरी परतल्या आणि सरकारने जमीन लोकांना देऊन टाकली.

यातला उत्तरार्ध चुकीचा आहे. १९८७च्या अमेरिका-सोव्हिएत करारानुसार शेवटची क्षेपणास्त्रं १९९१ मध्ये हलली, पण महिलांची छावणी २००० पर्यंत उठली नाही.

आणि जमीन? ती मुळात गायरानच. धावपट्टीचं काँक्रीट पडलं, तरी आसपासच्या लोकांचा गुरं चारायचा हक्क संपला नव्हता. तळात शिरल्याबद्दल खटला भरलेल्या महिलांनी हाच मुद्दा लावून धरला. त्या स्वतः हक्कदार नव्हत्या, एक शेळीही त्यांची तिथे चरत नव्हती! तरीही १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, त्या हक्काला बाधा आणणारे प्रवेशबंदीचे नियम रद्दबातल ठरवले. मला या लढ्यातलं हे सगळ्यात मोठं काम वाटतं, आणि नेमकं तेच गोष्टीतून गळतं.

पुढे धावपट्टी फोडली; तिची खडी न्यूबरीच्या बाह्यवळण रस्त्यालाही गेली. इमारतींच्या भागात उद्योग आले. माळ २००० मध्ये खुला झाला, हक्कांवर २००२ च्या कायद्याने शिक्कामोर्तब झालं. आज तिथे पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांतून गायी चरतात. मागे क्षेपणास्त्रांची गवताने झाकलेली सहा कोठारं दिसतात.